बाबांचा फ्रिज आणि सन एकवीसशे

सोमवारी सकाळी दहा वीसला बाबांचा फोन आला. फ्रिज बंद पडलाय, आता नवीनच घेऊ म्हणतो, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. मी खुर्चीतून उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत येऊन बसलो, पुन्हा उठलो. शेजारच्या टेबलावरून लोकसंख्येनं विचारलं, घरी सगळं बरं आहे ना. मी म्हटलं, घरी बरं आहे, पृथ्वीचं जरा कठीण दिसतंय.

हे नीट सांगायला हवं.

आमच्या ऑफिसात जगाचं सन एकवीसशेपर्यंतचं बघतात. चौथा मजला, सहा माणसं. जिन्यातला गेलेला दिवा कधी बदलणार ते कुणालाच ठाऊक नाही, पण पाऊणशे वर्षांनी जगात किती लोक असतील, काय खातील, किती वीज जाळतील आणि समुद्र कुठवर आत आलेला असेल, हे आम्ही दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत सांगतो. आमच्यात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. ज्याच्याकडे जो विषय, तेच त्याचं नाव. लोकसंख्या म्हणजे दोन जुळ्या मुलींची आई, कायम अर्धा डबा खाल्लेली. पाणी म्हणजे कोपऱ्यातला टकलू, हा दिवसभर तहानलेला असतो. मी वस्तू. घरातल्या वस्तू किती वर्षं चालतात आणि मग कुठे जातात, हे माझं खातं. "वस्तू आला का?" असं मॅडम रोज सकाळी विचारतात, आणि मला त्याचं आता काही वाटत नाही.

आम्ही जगापुढे चार वाटा ठेवल्यात. लाल वाट म्हणजे आत्ता चाललंय तसंच चालू द्या. करड्या वाटेवर सगळे देश एकमेकांशी भांडतात. निळ्या वाटेवर आधी सगळे श्रीमंत होतात आणि बाकीचं मग बघू म्हणतात. हिरव्या वाटेवर सगळ्यांना पुरेसं मिळतं आणि तरी पृथ्वी शिल्लक राहते. चारांतली ही एकच वाट जगाचा धूर थांबवायच्या ठरलेल्या मुदतीत बसते, तीही दोन वर्षं राखून. शुक्रवारी परिषद होती. बावीस देशांची माणसं येणार होती आणि मॅडम त्यांना हिरवी वाट दाखवणार होत्या.

आणि ती हिरवी वाट आमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर उभी होती.

झालं असं की तीन वर्षांपूर्वी मी नवीन लागलो तेव्हा हे सगळे हिशेब करणारा आमचा संगणकातला तक्ता रिकामा होता. मॅडम म्हणाल्या, गाडी चालते का ते आधी बघू, रिकाम्या चौकटीत तात्पुरते आकडे टाका. आमच्याकडे रीत अशी की तात्पुरता आकडा टाकला की ती चौकट पिवळी करायची, म्हणजे खरा आकडा मिळाला की बदलता येतो. मी घरी गेलो आणि घरात जे होतं ते टाकलं. फ्रिज एकतीस वर्षं. पंखा अडतीस. इस्त्री सत्तावीस. माझे बाबा शाळेत प्रयोगशाळा सहायक होते, आणि आमच्या घरातून आजवर कुठलीही वस्तू स्वतःच्या मरणानं गेलेली नाही. सगळ्या चौकटी मी इमानदारीनं पिवळ्या केल्या.

पुढच्या वर्षी अहवाल छापायला गेला. सजावट करणाऱ्या बाईंनी कळवलं की हा पिवळा रंग आपल्या हिरव्याशी फार भांडतो. त्यांनी तो काढला. सगळीकडून. अख्ख्या तक्त्यातून.

त्या दिवशी जगातले सगळे तात्पुरते आकडे कायम झाले. नोकरीत असं सहसा होत नाही.

मला हे दोन आठवड्यांपूर्वी कळलं. परिषदेसाठी आकड्यांचे आधार तपासताना एकतीस दिसलं, आणि तो आमच्याच फ्रिजचा निघाला. मी लोकसंख्येला हळूच सांगितलं. दोघांनी मिळून इकडच्या तिकडच्या देशांची जुनी कागदपत्रं चाळली. फ्रिज साधारण अकरा वर्षं चालतो असं निघालं. अकरा घालून आम्ही तक्ता चालवला. तो चालायला नऊ तास घेतो, नऊ तास मी बसलो नाही. हिरवी वाट मुदतीच्या एकोणीस वर्षं पलीकडे गेली. लोकसंख्या म्हणाली, अरे, सांगून टाक मॅडमना. मी उद्या सांगतो म्हटलं. असे नऊ उद्या झाले.

या नऊ दिवसांत मी स्वतःची एक समजूत घातली होती. आकडा खोटा नाही. निदान एका घरापुरता खरा आहे. फ्रिज चालू आहे तोवर माझ्याकडे पुरावा आहे, आणि तो पुरावा दुधाची पिशवी पोटात घेऊन गुरगुरतोय. रोज घरी गेलो की आधी त्याच्या दारावर हात ठेवायचो. आईला वाटलं मला ताप येतोय.

तर सोमवारी पुरावा बंद पडला.

मी अर्धी रजा टाकून घरी गेलो. फ्रिज भिंतीपासून पुढे ओढलेला, बाबा त्याच्यामागे फरशीवर बसलेले, समोर वर्तमानपत्रावर मागची पत्र्याची झडप आणि चार स्क्रू. खरं तर तीन. चौथा आई ओट्याखाली बॅटरी घेऊन शोधत होती. तिनं मला सांगितलं की सकाळपासून हेच चाललंय, हे स्क्रू पाडतात, ती शोधते, आणि तिचं आता स्क्रू शोधायचं वय राहिलेलं नाही. मी बाबांच्या हाताकडे पाहिलं. उजवा हात थरथरत होता. थोडासा नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेभोवती माशीसारखं फिरत होतं आणि बसत नव्हतं.

हे मला माहीत नव्हतं. मी त्याच घरात राहतो.

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले की सामानही मिळत नाही आता, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं दुकान बंद केलं, नवीन घेऊ, हल्लीचे आवाज करत नाहीत. मी म्हटलं, नवीन घ्यायचा नाही. ते थांबले. लहानपणी मित्र घरी आले की मी या फ्रिजला पाठ लावून उभा राहायचो, म्हणजे गंजलेला कोपरा दिसू नये. दहावीत असताना नवीन फ्रिज आणा म्हणून दोन दिवस जेवलो नव्हतो. तिसऱ्या दिवशी त्याच फ्रिजमधलं सगळं खाल्लं होतं. त्यामुळे त्यांचा संशय रास्त होता.

"काय रे," बाबा म्हणाले, "काय केलंयस?"

मग मी फरशीवर बसून सगळं सांगितलं. चार वाटा, पिवळ्या चौकटी, सजावटवाल्या बाई, बावीस देश. आई बॅटरी तशीच चालू ठेवून ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं की म्हणजे सगळ्या जगात आपल्यासारखेच फ्रिज धरलेत का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, बिचारे.

बाबा मात्र गंभीर झाले. चूक कळली की ते असेच होतात, प्रयोगशाळेची सवय.

"एकतीस कुठून आणलंस तू?"

"तेव्हा एकतीस होता. आता चौतीस आहे. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा."

"तो चौतीस वर्षं चाललेला नाही," बाबा म्हणाले. "मागे ये, बघ."

मी मागे गेलो. फ्रिजच्या पाठीवर, धूळ पुसलेल्या पट्ट्यात, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. तारीख, काय बिघडलं, काय केलं, किती वेळ लागला. वरपासून खालपर्यंत चौदा ओळी. दाराचं रबर बदललं, दोन तास. कॉम्प्रेसर बदलला, मिस्त्रीकडून, एक दिवस. दार मामाच्या मोडक्या फ्रिजचं बसवलं, चार तास, रंग जुळत नाही. तेव्हा मला कळलं की लहानपणापासून आमच्या फ्रिजचं दार थोडं जास्त पांढरं का होतं. कॉम्प्रेसर पुन्हा. थर्मोस्टॅट. वरच्या ओळी छापल्यासारख्या होत्या. खाली येता येता अक्षर हलायला लागलं होतं. तेराव्या ओळीतला आकडा तीन की आठ ते सांगता येत नव्हतं. चौदावी ओळ मला वाचताच आली नाही.

चौतीस वर्षं मी या फ्रिजच्या पुढे उभा होतो, आणि माहिती सगळी मागे होती. चौतीस नाही, अठ्ठावीस. आकड्यांच्या बाबतीत माझं हे असं होतं.

बाबांनी सांगितलं की बिघाड साधा आहे. टक्‌ असा आवाज येतो, क्षणभर घुं होतं आणि बंद. म्हणजे कॉम्प्रेसरला धक्का देणारा रिले गेलाय. मामाच्या फ्रिजचा एक रिले त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला होता. त्यांना तो बसवायचा कसा ते पाठ होतं, फक्त बसवता येत नव्हतं. मला बसवता आला असता, पण कसा ते ठाऊक नव्हतं. घरगुती शीतकपाटांचं जागतिक आयुर्मान यावर माझे दोन शोधनिबंध आहेत. फ्रिजची मागची बाजू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

बाबा सांगत गेले, मी करत गेलो. त्यांनी आधी प्लग काढलाय का ते तीनदा विचारलं. मी स्क्रू उलटा फिरवतोय हे चारदा सांगितलं. एकदा त्यांचा हात आपोआप पुढे आला, पक्कड घ्यायला, आणि मग त्यांनी तो मांडीखाली दाबून ठेवला. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं. पाहिलं होतं हे त्यांना कळलं. आमच्या घरात बरंचसं बोलणं असंच होतं. दोन तासांचं काम मला सोमवार आणि मंगळवार पुरलं, पण मंगळवारी रात्री फ्रिज पुन्हा गुरगुरला. बुधवारी सकाळी मी उठलो, तोंड न धुता ऑफिसात गेलो आणि मॅडमच्या खोलीत उभा राहिलो.

बसायला सांगितलं तरी बसवेना. मी उभ्यानंच सांगितलं की हिरव्या वाटेतला फ्रिज आमच्या घरचा आहे. पंखाही. इस्त्रीही.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग उठून दार लावलं. मला वाटलं आता गेली नोकरी.

"तुला माहितीये, देशांमधला परस्पर विश्वास आपण किती धरलाय?" त्यांनी विचारलं.

मला पाठ होतं. शून्य पूर्णांक सात.

"तो माझा आणि माझ्या जाऊबाईंचा आहे," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा बरं होतं आमचं."

त्यांनी सगळ्यांना बोलावलं. मग एकेक बाहेर यायला लागलं. जगातल्या पाइपांतून किती पाणी गळतं, हे पाण्यानं आमच्या ऑफिसातल्या नळाखाली बादली लावून काढलं होतं. पुढच्या पिढीतल्या बायकांना किती मुलं हवी असतील, हा आकडा लोकसंख्येनं जुळ्या मुली दीड महिन्यांच्या असताना टाकला होता, म्हणून तो इतका कमी होता. मला सांगून टाक म्हणणारी हीच. प्रत्येकाला आपलाच एक आकडा तेवढा तात्पुरता आहे असं वाटत होतं, आणि बाकीचे खरे आहेत म्हणून जो तो गप्प होता. सन एकवीसशेचं अख्खं जग म्हणजे आमच्या सहा जणांची घरं आणि एक गळका नळ निघाला.

गुरुवारभर आम्ही चौकटी पुन्हा पिवळ्या करत बसलो. मी फ्रिजपुढे अकरा लिहिलं. मग बाबांच्या चौदा ओळी आठवल्या, आणि खाली एक नवी ओळ घातली: दुरुस्त करणारी माणसं. तिच्यापुढे आकडा टाकायला हात गेला, पण टाकला नाही. चौकट रिकामी सोडून पिवळी केली.

शुक्रवारी मॅडमनी परिषदेत तो पिवळाधमक तक्ता पडद्यावर लावला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं की पीक आलंय का. मॅडमनी सरळ सांगितलं की हिरवी वाट आहे, पण ती मुक्कामी पोचते की नाही हे आम्हाला माहीत नाही, कारण आम्ही आपल्या घराबाहेर कुणाला विचारलंच नव्हतं. काही माणसं उठून गेली. एका देशाच्या बाईंनी मात्र हात वर करून सांगितलं की त्यांच्या सासऱ्यांकडे एकोणतीस वर्षांचा फ्रिज आहे, हवा तर घ्या. शेवटी असं ठरलं की सहा महिन्यांत खरे आकडे घेऊन या, नाहीतर विभाग बंद. फ्रिजच्या मागे बघायचं काम माझ्याकडे आलं. आठशे घरं, सहा महिने. मी भागाकार केला आणि पुन्हा खिडकीपर्यंत जाऊन आलो.

शनिवारी दुपारी बाबांनी पेन्सिल आणून माझ्या हातात दिली. पंधरावी ओळ राहिली होती. मी फ्रिजमागे वाकून लिहायला लागलो. तारीख. रिले बदलला. किती वेळ, तिथे थांबलो. बाबा म्हणाले, दोन दिवस, खरं लिही. मी खरं लिहिलं. वळणदार काही नव्हतं, पण वाचता येत होतं.

"आपला फ्रिज धरणार का त्या आठशेत?" बाबांनी विचारलं.

"धरणार. पण एकच म्हणून."

त्यांनी मान हलवली. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. फ्रिज घुरघुरत होता, मग टक्‌ झालं आणि थांबला. थंड झाला की तो थांबतोच, हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे. तरी मी उठलो, बाबाही उठले, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत आम्ही स्वयंपाकघरात उभे होतो. आई म्हणाली, बसा रे. कुणी बसलं नाही.