पट्ट्याखालचं पोट

ह्योरिनची लाथ म्हणजे कोरियातल्या गांगनुंग शहराच्या बायकांच्या फुटबॉल संघाचा जीव. कोपऱ्यातून तिनं मारलेला चेंडू नेमका गोलासमोर पडायचा. पण बाळंतपणानंतर काय बिनसलं कोण जाणे. मुलगी रांगायला लागली, डॉक्टरांनी खेळायची मुभा दिली, तरी चेंडू मेला अर्ध्या वाटेतच टप्पा खायचा. रविवारी सामना होता, आणि कर्णधार मालसुनताईंनी स्पष्ट बजावलं होतं की आजच्या सरावात चेंडू पोचला नाही तर सामन्यात कॉर्नर दुसरी मारेल.

"पायात ताकद आहे हो ताई," ह्योरिन रडकुंडीला आली होती. "रोज जिने चढते."

"पायाला कोण बोलतंय? ये, मागून माझ्या पोटावर हात ठेव. लाजू नकोस, सुटलंय ते मलाही दिसतं."

ताईंनी चेंडूशिवायच सावकाश लाथ मारून दाखवली. डावा पाय रोवला तसा त्या बाजूचा कुल्ला घट्ट झाला. उजवा पाय मागे गेला आणि छातीपासून मांडीपर्यंत सगळं ताणलं गेलं. मग आधी कंबर फिरली, तिच्यामागून मांडी आली, सगळ्यात शेवटी नडगी सपकन सुटली. पण पाय हलायच्याही आधी ताईंचं ते थुलथुलीत पोट पाट्यासारखं कडक झालं होतं. ह्योरिनच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ती खेळत होती आणि हे तिला माहीतच नव्हतं.

"पोट आधी?"

"मग? धड कुणी धरायचं? आता तुझं बघू." ताईंनी हात लावला आणि त्या थबकल्या. "हे काय गं?"

"पट्टा. सासूबाईंनी बाळंतपणात बांधला. पोट सुटू नये म्हणून."

"अजून? खेळतानासुद्धा?"

"आधार वाटतो."

"कप्पाळ. सगळं काम पट्टा करतोय, पोट बसलंय निवांत. सोड आधी."

मैदानाच्या कडेला सासूबाई नातीला पाठीशी बांधून उभ्या होत्या. त्यांच्यादेखतच ह्योरिननं पट्टा सोडला. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. पोट सैल, पोरकं वाटत होतं. पहिला चेंडू वाकडा गेला, दुसरा त्याहून वाईट.

मग एकदा पाय मागे गेला आणि बेंबीच्या खाली, खोल, काहीतरी ताणलं, धरून राहिलं आणि सुटलं. तिनं जोर लावलाच नव्हता. चेंडू उंच वळण घेत गेला आणि गोलासमोर पडला.

"रविवारी कॉर्नर तुझाच," ताई म्हणाल्या.

ह्योरिननं ते ऐकलं की नाही, देव जाणे. दोन्ही तळवे पोटावर ठेवून ती उभी होती आणि डोळे घळाघळा वाहत होते. या पोटानं एक अख्खा जीव वाढवला होता, आणि ते मेलं असं समजून ती त्याला आवळत बसली होती.

"आणखी एक चेंडू द्या," ती म्हणाली.