हिरव्या खुणेचा मसाला

घरबसल्या दुकान चालवणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात ते चालतं त्यालाच ठाऊक. चूल आवरत नाही आणि मोबाइल गप्प बसत नाही. मंगळवार पेठेतल्या क्रांतीचं असंच चाललं होतं. नवऱ्याचा, उदयसिंहाचा, मसाला कांडायचा डंक आणि तिचं ऑनलाइन दुकान. फोटो चढवणं, भाव बदलणं, शिल्लक माल भरणं, पार्सलं रवाना करणं, सगळं तीच बघायची. कधी नावही न ऐकलेल्या गावाहून ऑर्डर आली की ती नकाशात ते गाव शोधायची आणि बघतच राहायची.

कांदा-लसूण चटणी हा दुकानाचा मुख्य माल. पण ते न खाणाऱ्यांसाठी वेगळा मसालाही होता, आणि त्याच्या माहितीत ‘बिनकांदा, बिनलसूण’ या ओळीपुढे क्रांतीने हिरवी खूण करून ठेवली होती. हा मसाला सकाळी, धुतलेल्या डंकावर, सगळ्यांत आधी कांडायचा, असा घरचा रिवाज.

चातुर्मास तोंडावर आला आणि त्या मसाल्याची मागणी एकदम वाढली. शिल्लक शून्य दिसली की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, म्हणून क्रांतीने नवऱ्याच्या मागे लकडा लावला. उदयसिंहाने भर दुपारी, चटणीचं कांडप उरकल्यावर, डंक फडक्याने पुसला आणि त्यावरच तो मसाला कांडला. क्रांतीने हे पाहिलं. खूण काढून टाकावी असं तिच्या मनात आलंही. पण खूण काढून तो मसाला विकायचा कुणाला? आपण सगळेच म्हणतो ना, चालतंय की! तीही तेच म्हणाली आणि पार्सलं गेली.

पार्सलं पोहोचू लागली तसा जयसिंगपूरहून फोन आला. राजमती नावाच्या वयस्कर जैन बाई होत्या. कांदा-लसणाचा त्यांनी लग्नाआधीपासून त्याग केलेला, हे बोलता बोलता कळलं. आता त्या मसाल्यात कांदा-लसूण नाही ना, हेच विचारणार, असं क्रांतीला वाटलं. पण बाईंनी मसाला किती तिखट आहे ते विचारलं, बरणी काचेची घ्यावी की स्टीलची ते विचारलं, पावसाळाभर टिकेल का ते विचारलं. तो एक प्रश्न काही येईना. शेवटी क्रांतीलाच राहवेना.

“काकू, कांदा-लसणाचं काय इचारायचं न्हाय का तुम्हाला?”

“ते कशाला इचारू? तुम्ही लिवलंयसा की.”

फोन बंद झाला. केवढा हा विश्वास! ज्या बाईने उभ्या जन्मात परक्या घरचा घास चौकशी केल्याशिवाय घेतला नसेल, तिने आयुष्यभर सांभाळलेला नेम एका खुणेच्या हवाली केला होता, आणि ती निश्चिंत होती. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण, आणि उन्हं तर कलली होती. म्हणजे पाकीट आता फुटणारच होतं.

तिने पुन्हा फोन हातात घेतला, तसा उदयसिंह आडवा आला.

“आगं, पुसलाय की म्या डंक. भुकटीत कुणाला काय वळखू येतंय? दुकानाचं नाव जाईल बघ.”

“त्यांना वळखू येत न्हाय, म्हणूनच तर त्यांनी आपल्यावर सोपवलंय. आपल्याला तर ठावं हाय की!”

तिने फोन लावला आणि बाईंना सगळं सांगून टाकलं. मग राजमतीबाई बोलल्या, आणि शेजारी बसलेल्या उदयसिंहालाही ते ऐकू आलं.

“कात्री हातात घेतलीवती बाई. राग आलाय मला, खोटं कशाला बोलू? पण ऐक. पूर्वी दुकानदार समोर असायचा, त्याच्या तोंडाकडं बघून माल घ्यायचो. आता तोंड दिसत न्हाय, नुसती अक्षरं दिसत्यात. मग अक्षरांनी तरी खरं बोलाया नको?”

क्रांतीने खूण काढून टाकली. त्या दुपारच्या कांडपाची पाकिटं ज्यांना गेली, त्या सगळ्यांना घडलं ते सरळ लिहिलं आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली. काहींनी पैसे परत घेतले, काहींनी चार शब्द सुनावले. दुकानात तो मसाला ‘शिल्लक नाही’ असाच दिसत राहिला. मग एका सकाळी उदयसिंहाने आपण होऊन डंकाची मुसळं आणि उखळं गरम पाण्याने घासली, सुकवली, आणि नवा मसाला कांडून झाल्यावरच क्रांतीला हाक मारली.

“आता कर खूण.”

रोजचंच काम, पण या वेळी तिने ती ओळ आधी पुन्हा वाचली, मग खूण केली. आपल्या एवढ्याशा खुणेवर न पाहिलेल्या किती घरांत ताटं वाढली जातात, हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

थोड्या वेळाने ऑर्डर आली. जयसिंगपूर, राजमतीबाई. दुकानदाराला सूचना लिहायचा रकाना कोरा होता. याही वेळी त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. उदयसिंहाने तो कोरा रकाना बघितला आणि उठून डंक पुन्हा एकदा तपासून आला.

वाचकहो, आपणही रोज कुणा अनोळखी माणसाने लिहिलेल्या ओळीवर विसंबून खातो, औषध घेतो, लेकराच्या अंगावर कपडे घालतो. न बघता विश्वास टाकणारा माणूस फार मोठा असतो. त्याच्यासाठी जो लिहितो, त्याने खरं तेवढंच लिहावं, आणि लिहिलेलं खरं करून दाखवावं.