पाद्री लपवायची खोली

हौसेला मोल नसतं म्हणतात. मस्कतच्या एका अर्बाबची, म्हणजे बड्या अरब शेठची, हौसही दांडगी होती आणि मोल मोजायची तयारीही. ट्यूडर राजांच्या काळात इंग्लंडातले बडे लोक बांधत, तसं घर त्याला समुद्राकाठी हवं होतं. पांढऱ्या भिंतींवर काळे वासे, बारीक तावदानांच्या खिडक्या, आणि पाऊस वाहून जावा म्हणून उभट छप्पर. इथे पाऊस वर्षाकाठी वाट चुकलाच तर येतो, हे त्याला कोण सांगणार? तिकडच्या एका पडक्या हवेलीचं जुनं ओक लाकूड त्याने जहाजाने आणवलं आणि ते बसवायचं काम मस्कतच्याच अल् खुवैर भागातल्या एका ऑफिसातल्या आर्किटेक्ट तृप्ती गजभियेकडे आलं.

तृप्तीने त्या कामात जीव ओतला. दिवाणखान्याच्या लाकडी भिंतीत तिने एक चोरखोलीही केली. प्रोटेस्टंट राणीच्या शिपायांपासून कॅथलिक पाद्री लपवायला त्या काळी अशा खोल्या असत. फळी दाबली की दार बाहेर उघडायचं, आतून ओढून घेतलं की बंद. ठोकून पाहिलं तरी पोकळ वाटू नये म्हणून दाराच्या दोन फळ्यांमध्ये तिने लोकरीचा जाड नमदा ठासून भरला होता. आतून उघडायची कळ मात्र ठेवली नव्हती. पाहुण्यांना दाखवायची गंमत ती, आत बसणार कोण?

जूनमधल्या एका शुक्रवारी शेवटची पाहणी करायला ती आठ वर्षांच्या लेकीला, संबोधीला, घेऊनच आली, कारण घरी कोणी नव्हतं. खिडक्या तपासून मान वर केली, तर पोरगी जागेवर नाही.

"बोधी! व्हेअर आर यू?"

तृप्ती आधी मागच्या स्विमिंग पूलकडे धावली. पाण्यात डोकावायचा धीर होईना, इतकी ती घाबरली होती. पाणी रिकामं होतं. मग गॅरेज, माळा, फाटकाबाहेरचा तापलेला रस्ता. धापा टाकत ती दिवाणखान्यात परतली आणि लाकडी भिंतीपाशी तिला एक छोटी सँडल दिसली.

घरात एसी अजून चालू नव्हता आणि त्या चोरखोलीला हवा जायला फटसुद्धा नव्हती.

तिने फळी दाबली. फळी हलेना. समुद्राच्या दमट हवेने लाकूड फुगलं होतं, आणि उघडं राहिलेलं दार आतून ओढल्यावर ते चौकटीत गच्च बसलं होतं. तिने खांदा लावला, लाथ मारली.

"बोधी, आत आहेस का? बोल ना गं!"

आतून चकार शब्द नाही. मुलगी बेशुद्ध पडलीय, की आपण भरलेला नमदाच तिचा आवाज खातोय?

आरडाओरडा ऐकून रत्नागिरीचे सुतार गुलजारभाई पहार घेऊन धावत आले. "मॅडम, आता हे उघडायचं नाही, खलास. फोडायलाच पाहिजे. बाजूला व्हा."

त्यांनी पहार उगारली.

"जपून, लाकूड!" तृप्तीच्या तोंडून निघून गेलं.

गुलजारभाईंचा हात हवेतच थांबला. आपण काय बोललो ते कळताच तृप्तीला स्वतःची शिसारी आली. तिने पहार हिसकावून घेतली आणि जिवाच्या आकांताने त्या जुन्या फळीवर घाव घातले. फळी तडकली. गुलजारभाईंनी नमदा आणि आतली फळीही ओढून काढली.

आत संबोधी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. घामाने निथळत होती, पण डोळे उघडे होते. तृप्तीने तिला छातीशी घट्ट धरलं. रडू आवरेना.

"मी हाका मारत होते बाळा. ऐकू नाही आलं?"

"आलं. हळू हळू."

"मग ओ का नाही दिलीस?"

संबोधीने हात पाठीमागे लपवले. तृप्तीने ते पुढे ओढले. नखं तुटली होती आणि त्यांत तपकिरी पॉलिश भरलं होतं.

"सॉरी आई. मी खूप पुश केलं, तर तुझं वूड स्क्रॅच झालं. तू ओरडशील म्हणून मी चूप बसली."