पंगतीतलं पाचवं पान

हौसाची ताटली वेगळी होती. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, काठाला पोचा आलेली, आणि घासायची तीसुद्धा वेगळ्या राखेनं. ताटलीबरोबर पेला वेगळा, वाकळ वेगळी, आणि गुरुजींनी 'जरा बरी होऊ दे, मग पाठवा' असं गोड बोलून शाळेतलं तिचं बसायचं बसकूरही गुंडाळून वेगळं ठेवलेलं. सहा वर्षांच्या पोरीनं चार महिन्यांत एवढी वेगळी इस्टेट केली होती.

जेवायची वेळ झाली की शालूबाई, म्हणजे हौसाची आजी, ती ताटली उंबऱ्याबाहेर ओट्यावर ठेवायची आणि पाच-सहा पावलं मागं सरायची. मग हौसा पुढं यायची, खाली बसायची, जेवायची, ताटली जागेवर ठेवून परत मागं सरायची. हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की पोरगी पावलं मोजायचीसुद्धा. अंजनाच्या, म्हणजे हौसाच्या आईच्या, डोक्यात ती ताटली पाहिली की तिडीक जायची. स्वतः घरी असली की ती पोरीला मांडीवर घेऊन एका ताटात जेवायची. पण पलूसच्या अलीकडं उसाची तीन एकर जमीन, नवरा पलटणीत, धाकटा दीर सिद्धू अर्धा वेळ सांगलीला. रानातलं सगळं तिच्या बोकांडी. दिवसभर ती कुठवर पुरी पडणार?

पंच्याहत्तर सालच्या श्रावणात हौसाला ताप धरला तो सोडीना. तोंड पांढरं पडलं, मांड्यांवर मार खाल्ल्यासारखे निळे डाग उठले, चूळ भरली की हिरड्यांतून रक्त यायचं. पलूसच्या डॉक्टरनं सांगलीला धाडलं, सांगलीच्या डॉक्टरनं रक्त तपासून मान हलवली. अंजनाचा नवरा, हवालदार मानसिंग, रजा घेऊन आला आणि त्यानं मायलेकींना पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात नेलं. तिथं कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज तपासायला काढला, तेव्हा अंजना बाहेर भिंतीला डोकं लावून उभी होती. रक्ताचा कॅन्सर, असं निघालं.

तिथले मेजर डॉक्टर उंच, केस पिकलेले, कमी बोलणारे. त्यांनी कागद भरताना विचारलं, नवराबायको नात्यातले का. मानसिंगनं सांगितलं, मामाची मुलगी केली आहे. शालूबाईनं आपल्या धाकट्या भावाची मुलगी सून म्हणून आणली होती. आमच्याकडं ते चांगलंच मानतात, घरातलं माणूस घरात राहतं, असंही तो म्हणाला. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. अंजनानं धीर करून विचारलं, त्यामुळंच झालं का? डॉक्टर म्हणाले, हा आजार का होतो ते अजून जगात कुणाला नीट ठाऊक नाही. कुणी म्हणतं बीजातच काही असतं, कुणी म्हणतं कसलासा जंतू असावा, शोध चालू आहे. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुढचं सावकाश, दोनदा सांगितलं. "दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा बाई. हिचा आजार कुणाला लागणार नाही. पण दुसऱ्याचा गोवर, दुसऱ्याच्या कांजण्या हिला लागल्या, तर ही वाचायची नाही."

अडीच महिने सुया आणि गोळ्या झाल्या. केस गेले, गाल सुजल्यासारखे फुगले, पण रोग दबला. दबला आहे, गेलेला नाही, औषध सोडायचं नाही आणि दर महिन्याला यायचं, असं बजावून मार्गशीर्षात त्यांना घरी पाठवलं. पोरगी बोडक्या डोक्यानं एसटीतून उतरली ती हसतच.

गावाला डॉक्टरांच्या दोन्ही गोष्टी अंजनानं सांगितल्या. गावानं त्या उलट्या करून घेतल्या. अर्ध्या गावानं ठरवलं, रोग लागट आहे. म्हणून आपापली पोरं ओढून घेतली. उरलेल्या अर्ध्यानं ठरवलं, रोग वंशातला आहे; म्हणून सिद्धूला सांगून आलेली सोयरीक परत गेली. त्या दिवशी शालूबाई चुलीपुढं बसून म्हणाली, "आमच्या घरात असलं कवा न्हवतं. हे तुझ्या माहेराकडनं आलंय, अंजे."

आता याला काय म्हणावं? अंजनाचं माहेर रहिमतपूरजवळचं. शालूबाईचं माहेर तेच. तेच घर, तेच परस, त्याच विहिरीचं पाणी. सुनेच्या बापाला ज्या बाईनं कडेवर खेळवलं, ती त्याच बापाचं रक्त नासकं म्हणत होती आणि तिच्या जिभेला काही होत नव्हतं. अंजनानं भाकरीचं पीठ मळता मळता एवढंच विचारलं, "आत्या, माझं माहेर आन् तुमचं माहेर न्यारं हाय का?" म्हातारी चुलीपुढनं उठून गेली. दुसऱ्या दिवशी ताटली होती तिथंच, ओट्यावर आली. मानसिंगला हे सगळं पत्रात लिहिलं, तर उत्तर आलं, आईचं वय झालंय, तिच्या कलानं घे. सरहद्दीवर उभं राहून घरातली लढाई अशीच दिसत असावी.

चैत्रात गावात कांजण्या आल्या. अर्थात कांजण्या कुणी म्हणत नव्हतं. देवी आली म्हणायचे. ज्या घरात आली तिथं फोडणी बंद, दाराला कडुनिंबाचा टहाळा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं देवीच्या पाया पडून जायचं. अंजनानं ऐकलं त्या दिवसापासून हौसाला घराबाहेर सोडलं नाही. शालूबाईलाही हात जोडून सांगितलं, की पोरीला कुठं नेऊ नका. म्हातारीनं हुं केलं.

त्या मंगळवारी अंजना उसाला पाणी धरून परत येत होती. वाटेत मदिनाबी भेटली. ती बांगड्या भरणारी; डोक्यावर पाटी घेऊन आसपासची चार गावं फिरायची, आणि आजाराच्या दिवसांतही हौसाचा हात हातात घेणारी गावात तीच एक होती. मदिनाबी खुशीत म्हणाली, "लेकीला हिरव्या बांगड्या भरून आले गं. नानासोच्या घरी, देवीच्या पंगतीला. काय हसत हुती पोरगी! बरं झालं, लोकास्नी शेवटी शानपन आलं."

अंजनाच्या हातातलं खोरं तिथंच पडलं.

नानासो म्हणजे चुलत दीर, चार घरं पलीकडं. त्याच्या धाकट्या मुलीला देवी आली होती आणि तो पाचवा दिवस होता. पाचव्या दिवशी देवीपुढं पाच कुमारिका जेवू घालायच्या, अशी त्यांच्या भावकीची रीत. चार मिळाल्या, पाचवी मिळेना. तेव्हा शालूबाई स्वतः घरी गेली आणि हौसाचं बोट धरून घेऊन आली.

अंजना दारात पोचली तेव्हा पानं वाढून झाली होती. भिंतीशी घोंगडीवर नानासोची मुलगी, अंगभर पाण्यानं भरलेले फोड, उशाला निंबाच्या डहाळ्या. तिच्या पायांपासून दोन हातांवर पाच पोरी मांडी घालून ओळीनं बसलेल्या. शेवटचं, पाचवं पान हौसाचं, बिछान्याला सगळ्यात जवळ. बोडक्या डोक्याला कुंकू, कोपरापर्यंत बांगड्या, हाताला दहीभात. आईला बघून ती फुलून म्हणाली, "आये, मी पंगतीत बसलीया."

चार महिन्यांत पोरीला पहिल्यांदा कुणी शेजारी बसवलं होतं. आणि अंजनालाच ते ओरबाडून काढायचं होतं. तिनं हौसाला काखेत हात घालून उचललं. पोरगी पानाला धरून राहिली, पान फाटलं, भात सांडला, दोन बांगड्या फुटल्या. बाया कालवा करू लागल्या, की देवीच्या पानावरनं पोर उठवलं, आता गावाला भोगावं लागणार. शालूबाई वाढायचं भांडं घेऊन तशीच उभी होती. ती म्हणाली, "देवीच्या पाटावर बसली तर रोग धुऊन निघंल म्हनून आनली गं. माझी न्हाई का ती नात?"

म्हातारी खोटं बोलत नव्हती, आणि म्हणूनच अंजनाचा संताप जास्त भडकला. दुष्ट माणसाला शिव्या तरी देता येतात.

"चार महिनं हिचं लागतं म्हनून हिला कुत्र्यागत ओट्यावर जेवाय घातलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "जे लागत न्हाई त्याला भ्याला. आन् जे लागतं त्याच्या मांडीला मांडी लावून बसवली. डाक्तरनं सांगितल्यालं म्या दारोदार सांगितलं. एकाच्या बी कानात शिरलं न्हाई?"

हौसा तिच्या खांद्यावर रडत होती, आईलाच मारत होती.

कांजण्या अंगात शिरल्या तर एकवीस दिवसांत कधीही उठतात, पहिला फोड दिसला की तडक घेऊन या, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं होतं. अंजनानं त्याच संध्याकाळी रानातल्या खोपीत बिऱ्हाड हलवलं. गावात आणखी तीन घरांत देवी आली होती आणि शालूबाईचं नानासोकडं जाणं-येणं सुटणारं नव्हतं. गावाला वाटलं, आता आईलाही पटलं, रोग लागट आहे म्हणून. अंजनाच्या कानावर ते आलं. हसावं की डोकं फोडून घ्यावं, तिला कळेना.

खोपीच्या मेढीवर, मधल्या खांबावर, ती रोज कोळशानं एक रेघ ओढायची. रोज सकाळी उन्हात हौसाला उघडी करून कानामागं, बगलेत, बोटांच्या बेचक्यांत बघायची. एकदा मानेवर लाल ठिपका दिसला, तर ती कपडे बोचक्यात बांधून एसटी गाठायला निघालीसुद्धा. अर्ध्या वाटेत कळलं, डास चावला होता. ती बांधावर बसून रडली, आणि हौसा तिचे डोळे पुसत होती.

शालूबाई रोज भाकरी घेऊन यायची, तीही त्याच जर्मनच्या ताटलीत. अंजनानं तिला पहिल्याच दिवशी अडवलं होतं, की ताटली बांधावर ठेवा आणि मागं सरा. तुम्ही कांजण्यांच्या घरातून येता, पोरीच्या जवळ येऊ नका. म्हातारी ठेवायची, सरायची, अंजना जाऊन उचलायची. चौथ्या दिवशी म्हातारीचा धीर सुटला. "म्या काय महारोगी हाय का, अंजे? सख्ख्या नातीला शिवू दीना झालीस?"

"माझी पोरगी चार महिनं हेच इचारत हुती, आत्या," अंजना म्हणाली. "तवा तुमी काय सांगितलं तिला?"

त्या दिवसापासून शालूबाई नानासोकडं गेली नाही. अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून यायची आणि लांबूनच विचारायची, आज काय दिसलं का गं? दहाव्या दिवशी, पंधराव्या दिवशी, अठराव्या दिवशी. अंजना तिकडून मान हलवायची.

एकवीस रेघा झाल्या. बाविसाव्या सकाळी अंजनानं हौसाला तीनदा तपासलं. डोक्यावर काळी लव उगवू लागली होती, तिच्यातही बोटं फिरवून पाहिलं. अंग स्वच्छ होतं. दबलेला रोग तसाच आत होता, पुण्याच्या वाऱ्या होत्याच, पुढचं कुणाला ठाऊक? पण हे एक टळलं होतं. तिनं बांधावर येऊन हाक मारली, "आत्या, या. उतरलं सगळं."

म्हातारी उसाच्या कडेनं अनवाणी धावत आली. या वयात ती धावते हे अंजनानं कधी पाहिलं नव्हतं. बांधाशी येऊन तिनं दोन्ही हात पुढं केले. "ये गं माझी बाय. ये आजीकडं."

हौसा खोपीतून बाहेर आली. तिच्या हातात कालची घासलेली ताटली होती. ती बांधापर्यंत गेली, ताटली जपून खाली ठेवली, आणि तोंडानं मोजत सहा पावलं मागं सरली. मग हात पाठीमागं बांधून उभी राहिली.

"ठिवली गं आजी," ती म्हणाली. "आता तू घे."

शालूबाईचे हात तसेच पुढं राहिले. तिनं सुनेकडं पाहिलं. एकवीस दिवस त्याच बांधावर, तशीच ताटली ठेवायला लावणारी अंजना खाली बघत होती.