बगळा वाळवताना

मित्रांनो, मी एक जुना हेअर ड्रायर आहे आणि खरं सांगायचं तर भित्रा आहे. तापणं हेच ज्याचं काम, त्याने आपल्याच आचेला घाबरावं, याला काय म्हणावं?

दुकानातून मी एका बाईंच्या आरशापुढे आलो. त्यांच्या लांब केसांचं सगळ्या घराला कौतुक होतं, आणि त्यातला थोडा वाटा माझाही होता. पुढे त्यांनी केस कापले आणि मला नवऱ्याच्या हवाली केलं. ते संग्रहालयासाठी मेलेले पक्षी पेंढा भरून उभे करतात. टेबलावरचं चिंब ओलं, पिसांसकट कातडं पाहिलं आणि माझी पाचावर धारण बसली.

पण मालकांचा हात हलका होता. धुतलेल्या पिसांवर ते पांढरी भुकटी शिंपडत, ती ओल शोषून घेई, मग ती झटकून मी कोमट वारा घालायचा. आधी ते स्वतःचा तळहात माझ्यापुढे धरत. हाताला सोसलं तरच पिसांना. मुळाशी चिकटलेली लव फुलून आली की म्हणत, "शाबास, गड्या."

शाबासकी मिळाली, पण माझी मागची जाळी वर्षानुवर्षं कुणी पुसली नाही. भुकटी आणि लव तिथे साचत गेली. माझा श्वास कोंडू लागला. वारा कमी झाला आणि आच वाढली.

गेल्या महिन्यात एक पांढराशुभ्र बगळा आला. संग्रहालयाला तसा दुसरा मिळणार नव्हता, आणि पांढऱ्यावर डाग लपत नाही. मालकांनी तळहात धरला. माझी आच मलाच सोसत नव्हती, त्यांची कातडी लाल होत होती, तरी हात मागे जाईना.

"कोमट आहे," असं पुटपुटत त्यांनी मला बगळ्याच्या मानेकडे वळवलं. भीतीने माझा जीव कासावीस झाला. मला तोंड आहे, पण त्यातून नुसता वारा येतो. मानेवरचं एक पीस आक्रसलं आणि करपल्याचा वास सुटला.

बाई धावत आल्या. त्यांनी आधी माझी पिन ओढली, मग नवऱ्याचा हात उलटा करून पाहिला. तळहातावर टरटरून फोड आला होता.

"अहो, हे दुखत नाही तुम्हाला?"

"शुगरमुळे हात बधिर झालाय. तुला बोललो नाही. तू काम सोडायला लावलं असतंस."

बाईंनी त्यांच्या हाताला मलम लावलं. मग एक जुना ब्रश घेऊन माझी जाळी साफ केली आणि स्वतःचा तळहात पुढे धरला. "करा चालू. गरम झालं की मी सांगते."

करपलेलं पीस तेवढं काढावं लागलं. बगळा वाचला.

मित्रांनो, आमच्या जाळ्या साफ ठेवा, एवढं मागणं तर आहेच. पण मला अजून धडकी भरते ती त्या न हललेल्या हाताची. घरातलं कुणी "मला काही होत नाही" म्हणालं, तर तेवढ्यावर जाऊ नका. त्यांचा हात हातात घ्या आणि उलटा करून बघा.