दोन्ही बटणं एकदम

लाइन तुम्ही चालू केली. माझ्या भावाचा हात तुम्ही जाळला. हे मी कानात सांगत नाही, लिहून देते. तुमच्या वीज कंपनीच्या कागदावर 'अनधिकृत इसम विनापरवानगी खांबावर चढला' असं आहे ना, तो इसम म्हणजे हरिओम, माझा धाकटा भाऊ. आणि परवानगी कशाला म्हणतात ते आमच्या गावात येऊन बघा. देवगाव फाट्यापासून आत आमचं गाव. डीपीचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडाला की वायरमनला फोन लावायचा. त्याच्याकडं दहा-बारा गावं, तो येत नाही. तो सबस्टेशनला सांगतो, तिथून लाइन बंद होते, मग तो गावात फोन करतो, झाली बंद, चढा. मग गावातलं कोणतरी पोरगं चढतं. मी शाळेत होते तेव्हापासून हेच चालू आहे आणि तुम्हाला ते पक्कं माहीत आहे. तुमच्या पगारी माणसाचं काम आमची पोरं फुकट करतात तोवर कोणी त्यांना अनधिकृत म्हणत नाही. जळाली की म्हणता.

गेल्या पावसाळ्यात हरिओम चढला. लाइन बंद झाल्याचं वायरमननं सांगितलं होतं. ती बंद होतीही. तो वर असताना कोणीतरी चालू केली.

उजवा हात कोपराखाली काढला. डावा वाचला म्हणायचं. दोन बोटं तळहातात वळून बसलीत, अंगठा पुरता फाकत नाही.

त्याच्याआधी गावात कोणाचा मोबाईल अडला, कोणाच्या टीव्हीवर चित्र येईना, की हरिओमला हाक असायची. जेवता जेवता उठून जायचा. परभणीहून त्यानं एक वायरलेस कंट्रोलर आणला होता. मोबाईलला जोडायचा आणि गाड्यांच्या शर्यती खेळायचा. आमची आई कडूबाई त्याला खेकडा म्हणायची. "उचल तुझा खेकडा, मला झाडायचंय." तो म्हणायचा, "हळू झाड माय, चावंल."

दवाखान्यातून आल्यावर तो भिंतीकडं तोंड करून पडला तो पडलाच. आई भरवायची, तो गिळायचा. ती सदऱ्याची बटणं लावताना तो डोळे मिटून घ्यायचा. उंबऱ्याबाहेर पाय नाही. उन्हाळ्यात मी गंगाखेडहून माहेरी आले ती टीव्हीला मागून लावली की मोबाईलचे खेळ टीव्हीवर चालतात ती स्टिक घेऊन. मोबाईल हातात धरावा लागतो, पण टीव्हीवर खेळायचं तर कंट्रोलर मांडीवर ठेवता येतो, एवढाच माझा हिशेब. जिंकू दे, हरू दे. त्यानं भिंतीकडची मान इकडं वळवावी, मला दुसरं काही नको होतं.

स्टिक लावली, वायफाय म्हणून माझाच मोबाईल दिला. कंट्रोलर पत्र्याच्या पेटीतून काढून चार्ज केला. टीव्हीवर नवीन कंट्रोलर जोडा असं येतं तिथवर मी पोचले. चक्र फिरायलंय, शोधत आहे, शोधत आहे, आणि सापडत काही नाही. कंट्रोलरचा दिवा मात्र ऐटीत लागलेला. मी तीनदा तेच केलं. चौथ्यांदा खाटेवरून आवाज आला.

"तो माझ्या जुन्या मोबाईलला जुडायलाय. त्याचं ब्लूटूथ बंद कर आधी."

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं लाटणं थांबलं. त्याचा मोबाईल आता आई वापरते. मी जाऊन ब्लूटूथ बंद केलं. परत आले तर तो उठून बसला होता.

"दे इकडं. मी करतो."

मधलं गोल बटण आणि डावीकडचं बारकं बटण, दोन्ही एकदम दाबून धरायची. दिवा भराभरा लुकलुकला की समजायचं, आता टीव्हीला तो दिसंल. एक आधी एक नंतर चालत नाही. हे त्यानंच मला सांगितलं, मास्तरसारखं. मग कंट्रोलर मांडीवर ठेवला. अंगठा मधल्या बटणावर गेला, पण बोट बारक्या बटणापर्यंत पोचंना. त्यानं वाकून हनुवटी लावली. हनुवटी घसरली. मग उजव्या हाताचं जे राहिलंय ते टेकवलं. ते अजून हुळहुळं आहे, आणि जाड. त्यानं एकाच वेळी तीन बटणं दबली, दिवा विझला. टीव्हीवर चक्र थांबलं, काही सापडलं नाही.

मी हात पुढं केला. "ताई, हात लावू नको," तो म्हणाला. मी मागं घेतला.

पुन्हा चक्र सुरू केलं. पुन्हा हनुवटी. कपाळावरचा घाम कंट्रोलरवर पडायला लागला तेव्हा आई आली. हाताला पीठ तसंच. खाटेवर त्याच्या शेजारी बसली आणि विचारलं नाही, सांगितलं नाही, अंगठा त्या बारक्या बटणावर ठेवला.

"माय, काढ."

"तू तुझं दाब की. मी माझं दाबायलेय."

त्यानं तिच्या अंगठ्याकडं बघितलं. मग आपला अंगठा टेकवला. दिवा भराभरा लुकलुकला. टीव्हीवर कंट्रोलरचं नाव आलं आणि त्याच्याखाली, जोडला गेला.

खेळ लावला. डावीकडची, गाडी वळवायची काठी त्याच्याकडं, उजवीकडची बटणं आईकडं. तो म्हणायचा दाब, ही सोडायची. सोड म्हणला की दाबायची. गाडी भिंतीवर, दुकानावर, पुन्हा भिंतीवर. "तुझ्या गाडीला बिरीकच न्हाई," आई म्हणाली. हरिओम हसला. हसू फार मोठं नव्हतं, ओठाच्या एका बाजूनं, पण मी ते बघितलं आणि तोंडावर पदर घेऊन न्हाणीकडं गेले.

परत आले तर टीव्ही काळा होता. पंखा थांबला होता. लाईट गेली.

थोड्या वेळानं गल्लीतून माणसं जाताना दिसली. शेजारचा नागनाथ दारातून आईला सांगून गेला, डीपीचा फ्यूज उडालाय, वायरमनला लावलाय फोन, लाइन बंद झाली म्हणतो, मल्लेश चढायलाय. मल्लेश म्हणजे त्याचा पुतण्या, यंदा बारावीला. बोलता बोलता नागनाथची नजर आत हरिओमवर गेली आणि तो तसाच निघून गेला.

हरिओमनं पायात चप्पल घातली. आई उंबऱ्यात उभी राहिली तर तिच्या बाजूनं निघाला. नऊ महिन्यांनी तो गल्लीत आला. रिकामी बाही हलायली, माणसं बाजूला सरायली.

मी मागोमाग डीपीपाशी पोचले तर मल्लेशनं खांबाच्या पहिल्या लोखंडी पट्टीवर पाय ठेवला होता.

"मल्ल्या, खाली ये."

नागनाथ म्हणाला, "हरिओम, बंद हाय लाइन. सांगितलंय त्यानं."

"कोण?"

"वायरमन."

"त्याला कोण सांगितलं?"

"सबस्टेशनमधून सांगितलं असंल की."

"तिथं आता कोण बसलाय? नाव काय त्याचं? इचारा. नाव सांगितलं की मग चढ म्हणा पोराला."

नागनाथनं फोन लावला, स्पीकरवर टाकला. नाव विचारलं. तिकडून वायरमन म्हणाला, नाव कशाला पाहिजे, काम करून घ्या, नाहीतर बसा अंधारात. फोन कट.

मल्लेश उतरला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

आम्ही बसलो अंधारात. दोन दिवस. टाकीत पाणी चढलं नाही, लेकरं उकाड्यानं रडायची, दळण फाट्यावर न्यावं लागलं. लोक आमच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं बोलायचे. ह्याचा हात गेला म्हणून गावाला शिक्षा. हरिओमला ते आत ऐकू यायचं. मल्लेशच्या आईनं मात्र मागच्या दारानं येऊन ताकाची चरवी ठेवली.

तिसऱ्या दिवशी तुमचा माणूस आला. स्वतः चढला, फ्यूज टाकला, अर्ध्या तासाचं काम. म्हणजे येता येतं.

लाईट आली तसा टीव्ही लागला. आईनं हौसेनं कंट्रोलरचं मधलं बटण दाबलं, तो आपोआप जुडला. आता दोन अंगठे लागत नाहीत, एकदा ओळख झाली की पुरे. "ये की, गाडी चालू झाली," ती म्हणाली. हरिओम भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्यानं मान वळवली नाही. आई एकटीच बसली. दाबायली, सोडायली. गाडी जागेवर गोल गोल फिरायली.

तेवढ्यात तो भिंतीशीच बोलल्यासारखा म्हणाला, "ताई, बंद केलती तर चालू कोण केली?"

मी तुमच्या ऑफिसात जाऊन आले. साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर. म्हणून हे लिहिते, आणि तुमच्या दारावर चिकटवणार आहे. मदत मागत नाही. कागद बदला म्हणत नाही. त्या दिवशी माझा भाऊ वर असताना तुमच्या सबस्टेशनमध्ये बटणावर हात कोणाचा होता?

नाव सांगा.