माद्रिदच्या नावाची गिटार

मेक्सिको शहरातल्या वाद्यांच्या प्रदर्शनाला मास्तरांना मीच ओढून नेलं. मी मोरेलियात दातांची डॉक्टर, आणि गिटार हे माझं वेड. मास्तर एपिग्मेनियो पाराचोचे, गिटारी बनवणाऱ्यांच्या गावचे. अकरा वर्षांपूर्वी माझी गिटार त्यांनीच बनवून दिली. "तिथं माझं काय काम, डॉक्टरबाई?" असं ते दोनदा म्हणाले होते. मला वाटलं, लाजतायत.

दुपारपर्यंत इतक्या गिटारी वाजवल्या की बोटं हुळहुळायला लागली. मग बाल्तासार नावाच्या विक्रेत्याच्या स्टॉलवर एक बाई वाजवत होती, तिथं मी थांबले. इत्सेल तिचं नाव, संगीतशाळेत शिकवायची. गिटार घ्यायचं तिचं जवळजवळ ठरलंच होतं. लेबलवर नाव होतं रोमान साल्वातिएर्रा, माद्रिद.

"बघा ना वाजवून," ती म्हणाली.

मी हातात घेतली. अंगठा दांडीच्या मागं गेला आणि थबकलाच. हीच गोलाई माझ्या अंगठ्याला अकरा वर्षं रोज लागत होती. पर्समध्ये दात बघायचा छोटा आरसा असतो माझ्या. तो भोकातून आत घातला, फोनचा उजेड टाकला. वरच्या फळीखालच्या पट्ट्यांपैकी शेवटची आखूड होती, आणि तिच्या टोकाला तिरपी खाच. माझ्या गिटारीतही तशीच आहे.

"चला, जेवून घेऊ," मास्तर मागून हळूच म्हणाले.

मी ऐकलं नाही. "ही माद्रिदची नाही," मी मोठ्यानं म्हणाले. "ही यांनी बनवलीय."

पाच-सहा डोकी वळली. बाल्तासार हसला, पण कानापर्यंत लाल झाला. तो मास्तरांसमोर येऊन उभा राहिला.

"काय हो, तुम्ही बनवलीत?"

मास्तरांनी गिटारकडे बघितलं. मग त्याच्याकडे. शेजारच्या स्टॉलवरचा ड्रमही नेमका त्याच वेळी थांबला.

"नाही," ते म्हणाले.

बाल्तासारनं गिटार माझ्या हातातून काढून घेतली, रुमालानं पुसली. आम्ही पाठ फिरवली तेव्हा तो इत्सेलला सांगत होता, "मनावर घेऊ नका. पाराचोवाले खेळणी बनवतात. हा हातच वेगळा."

बाहेर टॅकोच्या गाडीपाशी मी मास्तरांवर तुटून पडले. "खोटं का बोललात?"

"तुम्ही मला विचारलंत का आधी?" त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "आठ वर्षं तो माझ्याकडून बिनलेबलाच्या गिटारी नेतोय. वर्षाला बारा. पाच माणसं काम करतात माझ्याकडे, त्यांच्या चुली त्यावर पेटतात. मला ठाऊक नव्हतं होय, तो इथं असणार म्हणून?"

"पण ती बाई फसेल, मास्तर."

"का? गिटार वाईट आहे?"

"गिटार नाही. नाव."

त्यांनी टॅको उचलला, परत ठेवला. "खेळणी म्हणाला," ते पुटपुटले. मग एकदम उठून आत चालू लागले. मी मागं धावले. "राहू द्या मास्तर, चुकलं माझं!" ते थांबले नाहीत.

इत्सेल पैसे देण्यासाठी कार्ड काढून उभी होती.

"बाई," मास्तर म्हणाले, "घ्यायची तर खुशाल घ्या, वाद्य चांगलं आहे. पण पाराचोचं आहे. मघाशी मी खोटं बोललो."

"म्हातारा पिऊन आलाय!" बाल्तासार ओरडला.

"दांडी आणि अंग जुळतं ना, तिथं आत हात घाला," मास्तर इत्सेललाच सांगत होते. "डाव्या अंगाला एक खड्डा लागेल, करंगळीच्या नखाएवढा. पटाशी घसरली होती माझी. मग लेबल चिकटवणाऱ्याला तो कुठून दिसणार?"

तिनं तारा सैल केल्या, हात आत घातला. चाचपताना तिचे डोळे छताकडे लागले होते. मग हात थांबला. तिनं कार्ड पर्समध्ये टाकलं आणि गिटार काउंटरवर अलगद ठेवली.

बाल्तासार मास्तरांना एवढंच म्हणाला, "संपलं आपलं."

परतीच्या बसमध्ये मास्तर अख्खा रस्ता खिडकीबाहेर बघत होते.

फेब्रुवारीत मी पाराचोला गेले. पाचातली दोन माणसं दुसऱ्या कारखान्यात गेली होती. इत्सेल येऊन एक गिटार बनवायला सांगून गेली होती, तिच्या शाळेतल्या आणखी एकानं विचारलं होतं. वर्षाच्या बारा गिटारींची भरपाई तेवढ्यानं कशी व्हावी?

मास्तरांच्या बायकोनं मला अंगणात बसवलं, मक्याची गरम पेज दिली. आत रंधा चालू होता. पाऊण तासानं मास्तर हात झटकत बाहेर आले, समोर बसले.

"राग आहे अजून," ते म्हणाले.

"असणारच."

"पेज गार झालीय, प्या," असं म्हणून त्यांनी माझा पेला माझ्याकडे सरकवला.